रिपोर्ट हातात येण्याआधी



मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं लॅबमध्ये रक्त काढते. त्यामुळे आज बोलणार आहे ते एका तपासणीबद्दल.

माझ्या भाभीचा मुलगा साडेतीन वर्षांचा. ऑटिझमचं निदान झालंय, अजून 'अम्मी' म्हणत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने ल्युकोव्होरिन या औषधाबद्दल घोषणा केली आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरू लागले. भाभी एक कागद घेऊन आली. "आपा, ही फोलेट अँटिबॉडीची टेस्ट केली की तो का बोलत नाही ते कळेल ना?" बांगड्या मोडायचीही तिची तयारी होती.

मी तिला समजावलं ते असं. फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व. पालक, मेथी, डाळी, कलेजी यांतून मिळतं. पण ते रक्तातून मेंदूत नुसतं झिरपत नाही. मेंदूतल्या पोकळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, तिथे 'फोलेट रिसेप्टर अल्फा' नावाचं प्रोटीन फोलेट पकडून आत पोचवतं. काहींच्या शरीरात या प्रोटीनविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात. काही अँटिबॉडी फोलेटची जागा अडवतात, काही प्रोटीनला दुसरीकडे चिकटतात. मग रक्तात फोलेट पुरेसं, मेंदूत टंचाई. म्हणून फोलेटची नेहमीची तपासणी नॉर्मल येऊनही प्रश्न सुटत नाही. रामाकर्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मांडलं.

आता दुसरी बाजू. २०१३ च्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या ९३ मुलांपैकी सुमारे ७५ टक्के मुलांत या अँटिबॉडी सापडल्या. आकडा मोठा आहे. पण अशा मुलांच्या निरोगी भावंडांत आणि आईवडिलांतही त्या सापडतात. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, एवढ्यावरून कारण सापडलं असं होत नाही. मेंदूत खरोखर टंचाई आहे का, हे पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासल्यावरच नक्की कळतं, आणि ते कधी करायचं हे मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतात.

ल्युकोव्होरिन म्हणजे फोलिनिक अॅसिड. ते दुसऱ्या वाटेनेही मेंदूत जाऊ शकतं. २०१८ च्या एका चाचणीत ४८ मुलांना १२ आठवडे औषध किंवा खोटी गोळी दिली. औषध घेणाऱ्यांच्या बोलण्यात जास्त सुधारणा दिसली, अँटिबॉडी असलेल्यांत तर अधिक. आशा वाटावी असं आहे, पण मुलं फक्त ४८. आणि दुकानात मिळणारी फोलिक अॅसिडची गोळी म्हणजे हे औषध नव्हे. मनाने डोस देऊ नका.

भाभीला मी म्हटलं, बांगड्या राहू दे. आधी स्पीच थेरपी सुरू कर, बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखव. टेस्ट करायची तर त्यांना एकच प्रश्न विचार: "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर काय करणार, निगेटिव्ह आला तर काय?" दोन्हीचं उत्तर एकच असेल, तर पैसे कशाला घालवायचे?

ती रडली. म्हणाली, "सगळे म्हणतात, पोटात असताना मीच काही चुकीचं खाल्लं." मला सगळ्यात जास्त राग याचा आला. अँटिबॉडी कुणी खाऊन तयार करत नाही. तुमच्या घरात असं कुणी बोललं, तर तुम्ही तरुणांनी तिथेच अडवा. त्याला कुठलीही टेस्ट लागत नाही.