दुहेरी पदवी आणि कामगार



ऑस्ट्रेलियातील कित्येक विद्यापीठांत व्यवसाय आणि माहिती तंत्रज्ञान या दोन पदव्या मिळून चार वर्षांत घेता येतात. वेगवेगळ्या घेतल्यास सहा वर्षे. दोन वर्षे वाचली, असे पालक म्हणतात. आम्हां कामगारांची नजर दुसरीकडे जाते. त्याच देशात २०१५ पासून सरकारने भत्ता घेणाऱ्यांची वर्षाची मिळकत सर्व पंधरवड्यांत सारखी वाटून, संगणकाकरवी वसुलीच्या नोटिसा धाडल्या. हंगामी मजुराला एका पंधरवड्यात काम, दुसऱ्यात फाके! भागाकार बरोबर, हिशेब खोटा. २०२३ च्या चौकशी आयोगाने त्यावर कडक ताशेरे ओढले. पगारपत्रक आणि आज्ञावली दोन्ही वाचणारी मुले निदान नोटिशीतली खोट दाखवतील. ती आम्हांला युनियनच्या कचेरीत हवीत. पगाराचे मात्र विचारू नका.