अणूंच्या हालचालींची रोजनिशी

काही दिवसांपूर्वी मी वर्गात संगणकाच्या पडद्यावर मुलांना पाण्याचे रेणू दाखवीत होते. रेणू थरथरत होते, एकमेकांना ओढून घेत होते, पुन्हा दूर सरत होते. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "बाई, हे चित्र कोणत्या कॅमेऱ्याने घेतले?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे नीट उत्तर मला त्या तासाला देता आले नाही. ते राहिलेले उत्तर आज आपणापुढे ठेवते.

हे चित्र कोणत्याही कॅमेऱ्याने घेतलेले नसते. ते गणिताने रेखलेले असते. आरंभी प्रत्येक अणूची जागा आणि वेग ठरवून दिला जातो. शेजारच्या अणूंमुळे त्याच्यावर किती बल पडते याचा हिशेब संगणक करतो. न्यूटनच्या नियमानुसार अत्यल्प काळानंतर तो अणू कोठे असेल हे काढतो, आणि त्या नव्या जागेवरून पुन्हा तोच हिशेब मांडतो. अशा ठराविक पावलांनंतर सर्व अणूंच्या जागा लिहून ठेवल्या जातात. ही झाली अणूंची रोजनिशी. तिची पाने क्रमाने भराभर उलटली म्हणजे पडद्यावर हालचाल दिसते.

या विद्येच्या आद्य पुरुषांत हैदराबादेत १९२७ साली जन्मलेले अनीसुर रहमान यांची गणना होते. १९५७ साली आल्डर आणि वेनराइट यांनी अणूंना टणक गोट्या मानून असे गणित केले होते. रहमान यांनी १९६४ साली, अमेरिकेत शिकागोजवळील प्रयोगशाळेत, अणूंमधील आकर्षण आणि प्रतिसारण दोन्ही हिशेबात घेतले. द्रवरूप अरगॉनचे ८६४ अणू त्यांनी निवडले. तपमान शून्याखाली सुमारे १७९ अंश सेल्सियस. त्यांचे एक पाऊल केवढे होते? सेकंदाचे एक कोटी भाग करावेत आणि त्यांतील एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत, एवढे! अणू द्रवात किती वेगाने पसरतात याचा त्यांना मिळालेला आकडा प्रत्यक्ष प्रयोगाशी चांगला जुळला. गणितावर विश्वास बसला तो या जुळण्यामुळे. चित्र सुंदर दिसले म्हणून नव्हे.

आता नोंद किती वेळाने करावी? प्रत्येक पाऊल लिहावे तर संगणकाचे भांडार भरून जाते. फार पावले सोडावीत तर हालचालच निसटते. झोपाळा एका टोकाला आला की तेवढ्यापुरते डोळे उघडावेत आणि लगेच मिटावेत. पाहणाराला झोपाळा स्थिरच वाटेल. हायड्रोजनचे बंध तर याहूनही कितीतरी चपळ. म्हणून संशोधकाला आधी ठरवावे लागते की आपणाला काय पाहायचे आहे, आणि पाऊल केवढे घेतले, नोंद किती पावलांनी केली, बलाचे सूत्र कोणते वापरले, हे सारे प्रामाणिकपणे सांगावे लागते.

हा केवळ हौसेचा विषय नव्हे. १९७७ साली एका लहानशा प्रथिनाच्या हालचालीचे असे गणित प्रथम प्रसिद्ध झाले, आणि आज नव्या औषधाचा रेणू प्रथिनाला कसा बिलगेल याचा अंदाज घेण्यासाठी हीच रीत वापरली जाते. तेथे पडद्यावरच्या मोहक चित्रालाच सत्य मानून चालणे कोणाला परवडेल?

पुढच्या तासाला मी त्या मुलीला सांगितले, "बाळ, हे छायाचित्र नव्हे, हिशेब आहे, आणि हिशेब म्हटला की तो ताडून पाहावयाचा." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग बाई, हा कोणी ताडून पाहिला?"

त्या प्रश्नाने मला फार समाधान वाटले. श्रोतेहो, डोळ्यांना जे पटते त्यालाही पुरावा मागावा, ही सवय मुलांना लागली तर आमचे शिकवणे सार्थकी लागले असे मी समजेन.