बोकड्या : एका शब्दाची चूक



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने मिरचीवरील किडीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आम्हांला शब्दाआधी वस्तू पाहावयास शिकविले होते. तो धडा मी एकदा विसरलो, त्याची ही हकिगत.

निपाणी-संकेश्वर भागात मिरचीची पाने आकसली की आपण ‘बोकड्या आला’ असे म्हणतो. माझ्या धाकट्या भावाने एका वर्षी तेच सांगितले. मी शेतात न जाताच फुलकिड्यांचे औषध आणून दिले. तीन फवारण्या झाल्या; शेंडे मात्र आकसतच गेले. तोडा जेमतेम हाती लागला. भाऊ मला एका शब्दानेही बोलला नाही.

पुढे कळले की बोकड्या हे लक्षणाचे नाव आहे, किडीचे नव्हे. फुलकिडे पान खरवडून रस शोषतात. त्याच्या कडा वर वळतात, पान होडीसारखे दिसते. कोळ्याने पान खाली वळते, होडी उपडी होते, देठ लांबतो. भावाच्या शेतातल्या होड्या उपड्या होत्या! कोळी हा कीटकच नव्हे, तो अष्टपाद. त्याला गंधक लागू पडते. तिसरा बोकड्या विषाणूचा. तो पांढरी माशी पसरविते, आणि लागलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही.

ओळखण्यास पांढरा कागद पुरे. त्यावर शेंडा झटकावा. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे, फिकट पिवळे, चपळ जीव पडले तर ते आपले जुने फुलकिडे. कोळ्यासाठी मात्र भिंग हवे. आता आग्नेय आशियातील आणखी एक फुलकिडा आला आहे. भारतात त्याची नोंद २०१५ साली बंगळूर येथे पपईवर झाली, आणि २०२१ च्या हंगामात त्याने आंध्र-तेलंगणातील मिरची उद्ध्वस्त केली. त्याची मादी गडद तपकिरी असते. तो फुलांत घुसतो, फुले गळतात, मिरची धरतच नाही. फुलकिडा हे नाव खरे शोभते ते यालाच.

गेल्या हंगामात भावाच्या नातवाने वहीच्या कागदावर फूल झटकले. चार-पाच काळसर ठिपके धावू लागले. “आजोबा, हा बोकड्या का?” त्याने मला विचारले. पाने तर बरीचशी सरळ होती. या वेळी मी नाव सांगितले नाही. फुले डबीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्यावयास सांगितले, आणि स्वतः त्याच्याबरोबर गेलो.