वाचनाची वही



१९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगाव वर्ग भरले. हजारो बायामाणसं लिहा-वाचायला शिकली. पण शिकलेलं वापरलं नाही, तर अक्षर विसरतं. कोपऱ्यात पडलेल्या विळ्याला गंज चढतो, तसंच हे आहे.

यावर आम्ही एक सोपा उपाय सांगतो. पाच-सहा जणांनी मिळून एक वही करावी. पाडव्याला सुरुवात करावी. वर्षात किती पुस्तकं वाचणार, ते ज्यानं त्यानं आपल्या बेतानं ठरवावं. कोणी बारा, कोणी चार. पुस्तक संपलं, की तारीख, पुस्तकाचं नाव आणि काय आवडलं ते एका ओळीत लिहावं. महिन्यातून एकदा पारावर बसून वही वाचावी. मागं पडलेल्याला हसू नये. त्याच्यासंगं दोन पानं मोठ्यानं वाचावीत. आकडा भरायला नुसती पानं उलटू नयेत.

महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. तिथं घराघरांत पुस्तकं मांडली आहेत. एकदा जाऊन या. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत टिकले नाहीत. तरी अक्षर धरून राहिले आणि ‘फकिरा’ लिहिली.

वही भरत गेली, की सातबारा आणि सोसायटीचा कर्जाचा कागद आपण स्वतः वाचू. दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला नको!