जामठ्याची शेवटची ओव्हर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०११ चा विश्वचषक भारताने जिंकला, हे कोणाला नव्याने सांगायला नको. त्या स्पर्धेत भारत एकूण नऊ सामने खेळला. सात जिंकले, बंगळूरला इंग्लंडबरोबरचा एक बरोबरीत सुटला आणि एक, फक्त एकच, हरला. जालन्याहून चारशे किलोमीटर गाडी हाकत जाऊन आम्ही चौघा मित्रांनी जो सामना पाहिला, तो नेमका हाच. आमच्या गल्लीत आजही आमची ओळख 'ते हरलेल्या मॅचवाले' अशीच आहे.

आमचे जालना तसे नावाजलेले गाव. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी, पण आता लोक ओळखतात ते बियाण्यांमुळे, लोखंडी सळईमुळे आणि मोसंबीमुळे. योगायोग असा, की आमच्या चौघांतही एकाचे सळईचे दुकान, एकाचे बियाण्यांचे आणि एकाची अंबड तालुक्यात आठशे झाडांची मोसंबीची बाग. चौथा मी, शाळामास्तर, ज्याच्याकडे विकण्यासारखे काही नाही. सोयीसाठी मित्रांना त्यांच्या धंद्याच्याच नावाने हाक मारतो.

मोठा सामना पाहायचा तर मराठवाड्याच्या माणसाला गाव सोडावेच लागते. मुंबईचे तिकीट मिळणे म्हणजे लॉटरी, पुण्याजवळ गहुंज्याचे स्टेडियम तेव्हा पुरे व्हायचे होते. राहिले नागपूर. तिथला जुना सिव्हिल लाइन्समधला ग्राउंड सोडून वर्धा रोडवर जामठ्याला नवे स्टेडियम झाले होते. २००८ साली तिथली पहिली कसोटी झाली आणि तीच सौरव गांगुलीची शेवटची ठरली. सळईवाल्याच्या नागपूरच्या मेव्हण्याने चार तिकिटे मिळवली आणि १२ मार्चला, शनिवारी, पहाटे तीन वाजता आम्ही सुमो काढली. निघताना मोसंबीवाल्याने मृग बहराच्या मोसंबीचे एक अख्खे क्रेट मागे टाकले.

तो जुना रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते खोटे वाटेल. सिंदखेडराजा अंधारातच गेले. मेहकरला चहा, कारंज्याला पोहे. खड्डा चुकवला की ट्रक आणि ट्रक चुकवला की म्हैस. पण गाडीत गाणी होती, जुन्या मॅचेसच्या गोष्टी होत्या, शाळेतल्या मास्तरांच्या नकला होत्या. पुलगाव, वर्धा, बुटीबोरी करत गेले की नागपूर शहराच्या आधीच जामठा लागतो. काळ्या रानांच्या मधोमध ते एवढे मोठे गोल बांधकाम उन्हात दिसले तेव्हा मोसंबीवाला हात जोडून म्हणाला, "आलो बाबा एकदाचे."

गेटवर मोसंबीला बंदी होती. ते बरोबरच आहे, चिडलेल्या माणसाच्या हातात मोसंबी म्हणजे दगडच. गड्याने अर्धे क्रेट रांगेतल्या लोकांना वाटून टाकले आणि उरलेले गाडीत ठेवून आला.

पुढचे तुम्हाला आठवत असेल. सेहवाग ७३, गंभीर ६९ आणि सचिन तेंडुलकर १११. ते त्याचे ९९ वे आंतरराष्ट्रीय शतक. शंभराव्यासाठी पुढे वर्षभर थांबावे लागले, पण त्या दुपारी ते कोणाला ठाऊक होते? धावफलकावर १ बाद २६७, आणि दहा षटके बाकी होती. चारशेच्या गप्पा सुरू झाल्या.

इतक्यात मोसंबीवाला लघवीला म्हणून उठला. तो जिना उतरतो न उतरतो तोच सचिन बाद झाला. तो परत आला तर गंभीर गेला. बियाणेवाला गमतीने म्हणाला, "अरे, तू पनवती आहेस. जा परत." तो गेला, तरी विकेट पडली. आला, तरी पडली. २६७ वर एक गडी बाद असलेला संघ २९६ वर सर्वबाद! नऊ गडी २९ धावांत. डेल स्टेनने पाच बळी घेतले, हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचले. त्या वेळी आमच्या हिशेबात ते सगळे बळी मोसंबीवाल्याच्या खात्यावर जमा होत होते.

रात्री आफ्रिकेला शेवटच्या षटकात १३ धावा हव्या होत्या. चेंडू आशिष नेहराच्या हातात. स्टेडियम उभे राहिले. आणि श्रोते हो, आम्ही तिघांनी, चाळिशी ओलांडलेल्या, बायकामुले असलेल्या तीन माणसांनी, आमच्या मित्राकडे पाहिले. कोणी काही बोलले का, ते मला नीट आठवत नाही. मला वाटते मीच म्हणालो, "जरा बाहेर थांबतोस का?"

तो उठला आणि गेला. चारशे किलोमीटर आलेला माणूस शेवटची ओव्हर न पाहता स्टँडखालच्या बोळात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चार चेंडूंत सामना संपला. बाहेर आलो तेव्हा निकाल त्याला सांगावा लागला नाही. "आपली फोर असली की गलका होतो," तो म्हणाला, "मला तर चारदा नुसतं गप्प ऐकू आलं."

परतीच्या वाटेवर कोणी गाणे लावले नाही. मोसंबी गाडीतच होती, पण कोणी सोलली नाही.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तिकडे बेसबॉलवेडे लोक सुटीत मित्रांना घेऊन गाडीने गावोगावची मैदाने पाहत हिंडतात, जसे आपण अष्टविनायक करतो. शिकागोच्या रिग्ली फील्डची एक गोष्ट त्याने मला सांगितली. १९४५ साली एक गुत्तेवाला आपला बोकड घेऊन अंतिम मालिकेचा सामना पाहायला गेला. दोघांना मैदानाबाहेर काढले. तो म्हणे शाप देऊन गेला, आणि शिकागोच्या कब्ज संघाला पुढचे अजिंक्यपद मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. भाचा हसत होता. मला मात्र तो बोळ आठवला.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्याला, २ एप्रिलला, आम्ही सळईवाल्याच्या घरी जमलो. मोसंबीवाला आला नाही. धोनीने षटकार मारला, फटाके सुरू झाले, तेव्हा मी फोन केला. तो शेतात, विहिरीवर बसला होता, एकटा. रेडिओही बंद. "मी न्हवतो म्हणून जिंकले," म्हणाला. आम्ही फोनवर खो खो हसलो. तो हसला की नाही, ते फटाक्यांत ऐकू आले नाही.

पुढच्या वर्षी, २०१२ ला, पाऊस रुसला. २०१३ चा उन्हाळा आमच्या जिल्ह्यातला कोणीही बागायतदार विसरणार नाही. माणसांना प्यायला टँकर, तिथे झाडांना पाणी कुठून आणायचे? याने टँकर विकत घेऊन घातले, पैसे संपेपर्यंत घातले. मे महिन्यात मी गेलो तेव्हा वाळलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालू होती. पंधरा वर्षांची झाडे सरपणाच्या भावाने चालली होती. तो बांधावर बसला होता, बागेकडे पाठ करून.

मला पाहून हसला. "मास्तर, मह्याकडं कशाला आला? मी पनवती. तुम्हीच म्हणलं व्हतं ना?"

थट्टाच होती ती. पण मला हसता आले नाही. वर्गात मुलांना मी शुभ-अशुभ काही नसते असे शिकवतो. पुढे सळईवाल्याने नव्या ठिबकसाठी पैसे दिले, बियाणेवाल्याने उधारीची वही मिटून ठेवली. मी काय केले? मी तो विषय टाळत राहिलो. दहा वर्षे. जालन्याचाच विजय झोल २०१४ साली एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार होता, सगळे गाव टीव्हीपुढे होते, तेव्हाही हा गडी घरात टीव्ही लावू देत नव्हता.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि फेब्रुवारीत जामठ्यालाच ऑस्ट्रेलियाची कसोटी आली. सळईवाल्याने तिसऱ्या दिवसाची चार तिकिटे काढली. मोसंबीवाला यायला तयार नव्हता. मी बागेत गेलो. नवी झाडे फळांवर आली होती. म्हणालो, "त्या रात्री तुला बाहेर पाठवले, ते चुकले आमचे. माझेच."

तो काडीने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "म्या सोताहून गेलतो, मास्तर." पण आला.

समृद्धीवर म्हैस नाही, ट्रकशी झटापट नाही, आणि मेहकरचा चहाही नाही. गाडी नुसती सरळ पळते. गप्पांना वेळच पुरत नाही. त्याला आम्ही मध्ये बसवले, दोन्हीकडून दोघे, जणू पळून जाईल. भारताचा डाव ४०० वर संपला आणि ऑस्ट्रेलिया खेळायला आली. थोड्या वेळाने तो चुळबुळ करू लागला. बियाणेवाला म्हणाला, "जा ना, आता त्यांची बॅटिंग आहे." तो जिन्यापर्यंत गेला आणि विकेट पडली. एवढा मोठा गलका! तो धावत परत आला, डोळे चमकत होते. "पडली का? परत जाऊ का?" नंतर चारपाच वेळा तो आपण होऊन उठला. ऑस्ट्रेलिया ९१ धावांत खलास. अश्विनने पाच बळी घेतले म्हणतात, घेतले असतील. एक डाव आणि १३२ धावांनी विजय, तोही तिसऱ्याच दिवशी.

परतताना खायला काही मिळेना, तेव्हा डिकीतली मोसंबी काढली. सोलता सोलता तो म्हणाला, "आता सांगा, नेहराच्या त्या ओव्हरला झालं तरी काय? म्या अजून पाहिली नाही."

बारा वर्षे त्याने ती पाहिली नव्हती. मी सांगायला लागलो, पहिला चेंडू बॅटची कड घेऊन यष्टीजवळून सीमेपार गेला, दुसऱ्यावर षटकार. बियाणेवाला म्हणाला, कड नव्हती, चांगला फटका होता. सळईवाला म्हणाला, ती ओव्हर हरभजनला द्यायला हवी होती, आणि षटकार आमच्याच बाजूला पडला. नाही, समोरच्या. मोसंबीवाला एकेक फोड तोंडात टाकत, मान हलवत ऐकत होता. सिंदखेडराजाची पाटी आली तरी आमचे तिघांचे एकमत झाले नव्हते.