रजोनिवृत्ती : समजून घेण्याचा काळ

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त ढाणकी येथे दिलेले व्याख्यान)



वाणिज्य शाखेच्या पदवीधराने, तेही कापडाच्या व्यापाऱ्याने, या विषयावर काय बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. उपचार सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते मी करणार नाही. परंतु आपल्या घरातील स्त्री कोणत्या अवस्थेतून जात आहे, हे जाणून घेणे प्रत्येक पुरुषाचे कर्तव्य आहे. भगवान महावीरांच्या संघात श्रावक 1,59,000 आणि श्राविका 3,18,000 होत्या, असे कल्पसूत्र सांगते. ज्या संघात श्राविका दुप्पट, त्या संघाने त्यांच्या आयुष्यातील एवढ्या मोठ्या बदलाविषयी मौन बाळगणे योग्य नव्हे.

आपल्याकडे जुन्या बायका याला 'विटाळ गेला' असे म्हणत आणि विषय तेथेच संपे. शास्त्राने मात्र याची नोंद फार पूर्वी घेतली आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू झालेले रज पन्नाशीच्या सुमारास थांबते, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आधुनिक वैद्यक सांगते की वयोमानाने बीजकोशांचे कार्य मंदावते, इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि पाळी थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजतात. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी 46-47 आहे, पाश्चात्त्य देशांत ते 51 च्या आसपास आहे. त्यानंतरही तिचे पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. म्हणजे हा आयुष्याचा शेवट नसून त्याचा तिसरा भाग आहे.

बदलाची चिन्हे पाळी थांबण्याच्या काही वर्षे आधीपासूनच दिसू लागतात. एकाएकी अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने कपडे भिजतात, झोप मोडते, छातीत धडधडते, विसराळूपणा येतो, लहानशा कारणाने डोळे भरून येतात किंवा राग अनावर होतो. नेमक्या याच वयात मुलीचे लग्न होते, सून घरात येते, सासू-सासऱ्यांचे आजारपण सुरू होते. अशा वेळी घरातले म्हणतात, "हिचा स्वभावच बदलला." स्वभाव बदललेला नसतो, शरीर एका वळणावर असते. दुकानात या वयाच्या भगिनी भरजरी, कृत्रिम धाग्याचे कापड बाजूला सारून मऊ सुती कापड मागतात. त्यामागचे कारण त्या सांगत नाहीत. आपण समजून घ्यावे. सुती कापड घाम शोषते, हवा खेळू देते, आणि रात्रीच्या वेळी तर त्याने खरोखर आराम पडतो.

दोन गोष्टींबद्दल मला कळकळीने सांगावयाचे आहे. पहिली गोष्ट 'पिशवी काढण्याची'. पाळीचा त्रास झाला की गर्भाशय काढून मोकळे व्हावे, असा समज आपल्या भागातही आहे. आपल्या तालुक्यातील तांड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीला जातात, म्हणून बीड जिल्ह्याचे उदाहरण आपल्याला परके नाही. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाळीच्या दिवसांत कामावर खाडा पडू नये, एवढ्यासाठी तरुण स्त्रियांनी पिशव्या काढून घेतल्याचे त्या वेळी पुढे आले. अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे अंगीकारण्यास सांगितले. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती ओढवते आणि हाडे व हृदय यांना मिळणारे संरक्षण अकाली जाते. काही आजारांत ही शस्त्रक्रिया आवश्यक असतेच. पण दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय घाईने होकार देऊ नये.

दुसरी गोष्ट आपल्या तपाची. पाळीची अडचण संपली की पूजा, सामायिक, प्रतिक्रमण अखंड करता येते. या मोकळेपणाचा आनंद मोठा असतो आणि म्हणूनच अनेक श्राविका याच वयात वर्षीतपासारखे दीर्घ तप हाती घेतात. फाल्गुन वद्य अष्टमीला सुरू होऊन पुढील वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणे होईपर्यंत हे तप तेरा महिन्यांहून अधिक चालते आणि त्यात विदर्भाचा उन्हाळा दोनदा येतो. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हाडांची झीज सर्वाधिक वेगाने होते. म्हणून तप करू नये असे मी म्हणत नाही. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर नामकर्माची जी सोळा कारणे दिली आहेत, त्यांत त्याग आणि तप 'शक्तीनुसार' सांगितले आहेत. तेव्हा तपापूर्वी हाडांची तपासणी करून घ्यावी. रक्तातील हिमोग्लोबिन, ड व ब-12 जीवनसत्त्वे पाहून घ्यावीत. उपवासाच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी उकळलेले पाणी पुरेसे प्यावे. आहाराच्या दिवशी दूध, दही, तीळ, नाचणी, राजगिरा आणि डाळी असाव्यात. सकाळच्या उन्हात देरासरापर्यंत पायी जाणे हा उत्तम व्यायाम आहे.

आणखी एक सूचना कृपया लक्षात ठेवावी. पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, अगदी थोडासा जरी झाला, तरी लाजेपोटी लपवू नये; त्वरित स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. तो कर्करोगाचाही संकेत असू शकतो आणि वेळेवर तपासणी झाल्यास उपचार शक्य असतात. संप्रेरकांच्या गोळ्या मात्र शेजारणीने सांगितल्या म्हणून घेऊ नयेत. त्या कोणाला द्याव्यात आणि कोणाला नाही, हे डॉक्टरच ठरवू शकतात.

बंधूंनो, आपण मुंगीला पाय लागू नये म्हणून जपून चालतो. ज्या स्त्रीने तीस वर्षे आपले घर सांभाळले, तिच्या झोपमोडीवर, तिच्या अश्रूंवर टोमणा मारणे ही वाचेची हिंसा नव्हे काय? घरात एक खिडकी उघडी ठेवावी, रात्रीचा एखादा उंबरा कमी ओलांडावा लागेल असे पाहावे, दवाखान्यात तिला एकटीला न पाठवता स्वतः बरोबर जावे. यास पैसा लागत नाही. आपल्या संस्थेने सुवर्णमहोत्सवी वर्षात चाळिशीपुढील भगिनींसाठी, सर्व जातिधर्मांच्या भगिनींसाठी, वार्षिक तपासणी शिबिर सुरू करावे आणि त्यात पतीने पत्नीसोबत येण्याचा आग्रह धरावा, एवढी नम्र विनंती विश्वस्त मंडळास करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!