लेकीची पाठराखीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा कॉलेजच्या शिक्षणावर ही बाई काय बोलणार, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु माझा विषय कॉलेजच्या आतला नाही. घरापासून कॉलेजच्या दारापर्यंतचा जो रस्ता आहे, त्याच्याविषयी मला सांगायचे आहे.

आपल्यात लेक पहिल्यांदा सासरी निघाली म्हणजे तिच्याबरोबर पाठराखीण जाते. घर परके, माणसे परकी. मुलीला बोलायला संकोच वाटतो, म्हणून तिच्या वतीने पाठराखीण बोलते. चार दिवस राहते, मुलगी रुळली की परत येते. आता सोनपेठ किंवा पालमकडच्या एखाद्या तांड्यावरची मुलगी बारावी पास होऊन परभणीच्या कॉलेजात निघाली, तर तिच्याबरोबर कोण जाते? बहुधा कोणीच नाही. म्हणूनच पुष्कळजणी निघतही नाहीत.

गरिबीमुळे मुली शिकत नाहीत असे आपण म्हणतो. ते खोटे नाही, पण तेवढेच खरे नाही. २०२४-२५ सालापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना, घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकारने पूर्ण माफ केली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना शिष्यवृत्ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वसतिगृहे आहेत, आणि तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. एवढे सगळे आहे, मग मुलगी घरी का बसते? गंगाखेडकडच्या एका ऊसतोडणी करणाऱ्या बाईला मी हेच विचारले. मुलगी पहिल्या वर्गात पास झालेली. बाई म्हणाली, “शिकवावं वाटतंय हो ताई, पण तिथं नेऊन घालणार कोण? आम्हाला तर हापिसाचं दार कोणतं ते बी कळत नाही.”

भगिनींनो, निकाल लागतो मे महिन्यात. ते दिवस लग्नसराईचे. मुलगी अठराची झालेली किंवा होण्याच्या बेतात. निकाल आणि प्रवेश यांच्यामध्ये जे दीड-दोन महिने जातात, त्यांत घरात दोनच गोष्टी चालू शकतात. कागद गोळा होत असतील तर मुलगी कॉलेजात जाते. कागद जागेवर पडून राहिले तर पाहुणे येतात. हे मी आपल्या गल्लीत आणि माझ्या माहेरच्या गावात इतक्या वेळा पाहिले आहे की मला आता त्यात योगायोग वाटत नाही.

कागदांविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण खरी अडचण तेथेच आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, तो ३१ मार्चनंतर जुना होतो. म्हणून एप्रिलमध्येच नवा काढावा. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांचा. इतर मागास, विमुक्त-भटके असतील तर नॉन क्रिमीलेअर वेगळे. त्याशिवाय वय-अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार जोडलेले बँक खाते. खाते आधारला जोडलेले नसेल तर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही हातात पडत नाही. सर्वांत अवघड म्हणजे जात पडताळणी. तिला वाडवडिलांचा पुरावा लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तेव्हाचे दप्तर पुष्कळसे उर्दूत. आजोबांचे नाव खासरा पत्रकात असते, पण ते वाचणारे घरात कोणी नसते! अशा वेळी मोहल्ल्यातल्या एखाद्या जुन्या पेन्शनर गृहस्थाकडे कागद नेला तर ते चष्मा लावून पाच मिनिटांत वाचून देतात. ही ओळख आपल्याला असते, तांड्यावरच्या बाईला नसते.

आणखी एक. कॉलेजात प्रवेश झाला म्हणजे सरकारी वसतिगृहातही झाला असे मुली समजतात. तसे नाही, त्याचा अर्ज निराळा करावा लागतो. ही एक गोष्ट वेळेवर न कळल्यामुळे वर्ष गेलेल्या मुली मला ठाऊक आहेत.

पाठराखणीचे काम क्षुद्र आहे असे कोणी समजू नये. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजच्या खर्चाला वडिलांचा हात पुरेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी त्यांना स्वतः बरोबर घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. मुलगा हुशार होताच. पण महाराजांच्या दारी त्याला घेऊन जाणारे माणूस लागले. आपल्या मराठवाड्यातल्या मुलांना पूर्वी पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणे उर्दूतून. पुढे बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. तेथे नुसते वर्ग भरवून ते थांबले नाहीत, वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातला मुलगा वर्गात टिकायचा तर त्याच्या राहण्या-जेवण्याचे आधी पाहावे लागते, हे ज्याने सोसले त्यालाच कळणार.

प्रवेश झाला म्हणजे काम संपले असेही नाही. पहिले तीन महिने मुलीच्या कसोटीचे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट होता. कॉलेजात गेल्यावर भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात आणि खानावळवाल्या बाई महिन्याचे आगाऊ मागतात. त्यांचेही बरोबर, त्यांना किराणा उधार कोण देतो? सायन्सला गेलेल्या मुलीला एकाएकी सगळे इंग्रजीत ऐकावे लागते. शेजारणीला विचारायची लाज वाटते. एवढ्यात दिवाळी येते, आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर निघतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला हिलाच घरी बोलावतात. पहिल्या सत्राची परीक्षा तेवढ्यातच. मुलगी गेली ती परत येत नाही. कॉलेजच्या हजेरीपटावर मात्र तिचे नाव काही दिवस राहते.

काही भगिनी म्हणतील, मुक्त विद्यापीठ आहे ना, घरी बसून शिकेल. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि आपल्यासारख्या संसारात पडलेल्या बायकांना ते फार उपयोगी आहे. परंतु अठरा वर्षांच्या मुलीला कॉलेजात न धाडण्यासाठी त्याचे निमित्त करणे मला पसंत नाही.

मुलांचेही हाल आहेत. ती बारावी झाली की पुण्याकडे कंपनीत जातात. त्यांच्याविषयी बोलण्यास आज वेळ नाही.

तेव्हा मंडळापुढे माझी सूचना अशी. प्रत्येक सभासद भगिनीने एका मुलीची पाठराखीण व्हावे. एकीने एकच मुलगी घ्यावी, जास्त घेऊ नये, म्हणजे नीट लक्ष राहील. एप्रिलपासून दाखल्यांना तिच्याबरोबर जावे. प्रवेशाच्या दिवशी आणि वसतिगृहात सामान लावण्याच्या दिवशी हजर राहावे. दिवाळीपूर्वी तिच्या आईला जाऊन भेटावे आणि धाकट्या भावंडांची सोय कोठे होते ते विचारावे. आपल्या भिशीतून दोन महिन्यांच्या खानावळीपुरते पैसे बिनव्याजी काढून ठेवावेत. शिष्यवृत्ती आली की मुलगी परत करील. एखादीचे बुडाले तरी भिशी मोडणार नाही, हिशेब मी करून पाहिला आहे.

याला फार शिक्षण लागत नाही. चपला झिजवाव्या लागतात, आणि खिडकीवरच्या साहेबांनी “उद्या या” म्हटले तर उद्या पुन्हा जावे लागते. त्याची आपल्याला रेशनच्या रांगेपासून सवय आहे.

ज्या भगिनी तयार असतील त्यांनी आपली नावे आजच चिटणीसबाईंकडे द्यावीत. दाखल्यांची यादी माझ्या मुलीने लिहून दिली आहे, तिच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत.